काउंटरवरचा आरसा : बडोद्यातील चार दिवस

साताऱ्यातील आमचे किराणा दुकान गेल्या दिवाळीनंतर कायमचे बंद झाले. बरण्या, मापे, वजने, तराजू या सगळ्यांना कोणी ना कोणी वाली भेटला. भेटला नाही तो साडेसात फूट लांबीच्या सागवानी काउंटरला. आजोबांनी तो दुकानातच सुताराला बसवून करून घेतला होता आणि पुढे दाराची चौकट अरुंद झाली, त्यामुळे तो अखंड बाहेर निघण्याची सोयच नव्हती. दुकान धाकट्या भावाने चालवले, मी शाळेत चित्रकला शिकवली. तरी लहानपणीच्या साऱ्या सुट्ट्या माझ्या त्या काउंटरमागेच गेल्या. गिऱ्हाईक समोर आले की वडील दोन्ही तळवे काउंटरच्या कडेवर टेकवून किंचित पुढे झुकत असत. त्या दोन जागांचे पॉलिश उडून लाकूड शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे गुळगुळीत झाले होते.

निवृत्तीनंतर मला एक छंद जडला, तो म्हणजे ज्या चित्रांत दुकानाचा काउंटर आहे अशा चित्रांच्या रंगीत प्रती जमवण्याचा. अशा बावीस प्रती एका फाईलमध्ये लावल्या आहेत. दुकान बंद झाल्यावर घरात बसून त्या चाळण्याचा कंटाळा आला आणि जानेवारीत मी बडोद्याला गेलो. एक तर दांडिया बाजारात मावशी राहते. दुसरे म्हणजे दुकानदार हा चित्राचा विषय होऊ शकतो हे आपल्याकडे ज्याने ठासून दाखवले, तो चित्रकार भूपेन खख्खर याच गावात राहिला आणि याच गावात गेला.

पहिला दिवस : १६ जानेवारी

मुंबईहून सकाळच्या गाडीने निघालो आणि दुपारी बडोद्यात उतरलो. मुद्दाम उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, संपल्यावर गेलो होतो, कारण मांज्याची मला भीती वाटते. तरी रिक्षातून जाताना विजेच्या तारांवर, गुलमोहरांवर आणि घरांच्या गॅलऱ्यांवर फाटक्या पतंगांची एवढी गर्दी दिसत होती की जणू सगळ्या शहराने आपली लक्तरे वाळत घातली आहेत. मावशीने आदल्या दिवशीचा उंधियू राखून ठेवला होता. "अरे, ताजा काय खायचा, उंधियू शिळाच खरा," असे म्हणत तिने तो गरम करून वाढला, आणि खरोखरच कंद, वांगी, सुरती पापडी आणि मेथीच्या मुठिया यांनी रात्रभर एकमेकांशी बोलून काही तडजोड केली असावी, असे लागले. या दिवसांत बडोद्याला जाणाऱ्याने हॉटेलातल्या उंधियूपेक्षा कोणाच्या तरी घरचा मिळवण्याची खटपट करावी.

संध्याकाळी काकांबरोबर, म्हणजे मावशीच्या यजमानांबरोबर, सूरसागर तलावाच्या काठाने, न्यायमंदिरावरून, लहरीपुरा दरवाजातून मांडवीपर्यंत चालत गेलो. हिवाळ्यात ही वाट संध्याकाळी पाच ते सात या वेळात चालावी. त्याआधी ऊन लागते आणि त्यानंतर गर्दीत पाऊल टाकायला जागा राहत नाही. काकांची नोकरी बँकेत झाली, आणि ते जन्मापासून बडोद्यात असल्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती शब्द हक्काने येऊन बसतात. मी एका जुन्या कापडदुकानापाशी थांबलो. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर ओटा, त्यावर पांढऱ्या चादरीची गादी, कोपऱ्यात उतरत्या झाकणाची पेटी आणि पेटीमागे मालक. काका म्हणाले, "ह्या बसायच्या जागेला इथे थडो म्हणतात. थडा कोणाला द्यायचा, यावरून भावाभावांत कोर्ट झालेली मी पाहिली आहेत." आपण साताऱ्यात ज्याला गल्ला म्हणतो ती पैशाची पेटी, गुजरातीत तिला तर गल्लो म्हणतातच, शिवाय पानाच्या टपरीलाही गल्लो म्हणतात. पैशाच्या पेटीचे नाव सबंध दुकानाला मिळावे, यात व्यापाऱ्यांच्या भाषेचा प्रामाणिकपणा दिसतो.

गादीच्या दुकानाला काउंटर नसतो, हे मला त्या ओट्यासमोर उभे राहिल्यावर प्रथमच नीट उमगले. तेथे विभागणी आडव्या फळीने होत नाही, उंचीने होते. मालक वर बसलेला, आणि गिऱ्हाईकही जोडे काढून वर गेले की त्याच चादरीवर मालाच्या ढिगात बसते. माझ्या फाईलमध्ये जपानच्या एचिगोया या कापडदुकानाचे अठराव्या शतकातील एक छापचित्र आहे. १६७३ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, निघालेल्या या दुकानाने रोखीचा व्यवहार आणि ठरलेला एकच भाव यांमुळे नाव मिळवले. चित्रात गुमास्ते आणि गिऱ्हाइके सगळी चटयांवर बसलेली आहेत, मध्ये कापडाचे तागे उलगडलेले आहेत आणि आडवे लाकूड कोठेच नाही. मांडवीतल्या त्या मालकाला हे चित्र परके वाटले नसते.

रात्री जेवणानंतर काकांनी फाईल मागून घेतली. मी त्यांना सर्वांत जुनी पाने आधी दाखवली. रोमजवळच्या ऑस्तिया या बंदरात सापडलेल्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एका दगडी शिल्पपट्टावर एक बाई दुकान मांडून उभी आहे. तिचा काउंटर म्हणजे जिवंत कोंबड्या आणि ससे कोंडलेले पिंजरे, बाजूला गोगलगायींची टोपली आणि काउंटरच्या टोकाला दोन माकडे. माकडे विकायला नसावीत, येणाऱ्याजाणाऱ्याने थबकावे म्हणून ठेवलेली असावीत, असे माझे मत आहे. दुसरा पट्ट त्याच काळातला, आता जर्मनीत ड्रेस्डेनला असलेला : खाटीक तिपायी ठोकळ्यावर बरगड्या तोडतो आहे, आकड्यांना मांस टांगले आहे, आणि डाव्या हाताला उंच पाठीच्या खुर्चीत एक बाई मांडीवर पाटी घेऊन हिशेब लिहीत बसली आहे. मावशीने मांस पाहून तोंड फिरवले, मग पुन्हा वळून म्हणाली, "हिशेब मात्र बाईकडेच होता म्हणायचा."

काकांना ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातले खाद्यपदार्थांचे दुकान अधिक आवडले. २०२० च्या शेवटी जगासमोर आलेल्या त्या दुकानाच्या चुनेगच्ची काउंटरमध्ये मडकी बसवलेली आहेत आणि पुढच्या बाजूवर कोंबडा, उलटी टांगलेली बदके आणि साखळीला बांधलेला कुत्रा रंगवला आहे. म्हणजे काउंटर हाच चित्राचा फलक झाला. काका बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी सांगितले की बँक हा शब्द इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आला असे त्यांना प्रशिक्षणात शिकवले होते. मी त्यात भर घातली की इंग्रजीतला काउंटर म्हणजे मुळात पैसे मोजण्याचे मेज. "चौतीस वर्षे मोजले," काका म्हणाले, "आणि काचेपलीकडून."

दुसरा दिवस : १७ जानेवारी

सकाळी चांगलीच थंडी होती. सयाजीबागेतले संग्रहालय रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. बडोदेकर या बागेला अजूनही कमाटीबाग म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेच नाव सांगितलेले बरे. संग्रहालय तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १८९४ मध्ये स्थापन केले. शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये तयार झाली. पण तिच्यासाठी स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून निवडून घेतलेली युरोपीय चित्रे पहिल्या महायुद्धामुळे विलायतेतच अडकून पडली आणि चित्रशाळा लोकांसाठी उघडली ती १९२१ मध्ये. लहान मुले देवमाशाच्या सांगाड्यापाशी आणि इजिप्तच्या ममीपाशी गर्दी करतात, त्यामुळे चित्रांच्या दालनांत निवांतपणा मिळतो. सकाळी दार उघडताच आत जावे.

मी त्या दालनांतून दोन तास काउंटर शोधत फिरलो. मला एकही सापडला नाही. व्यक्तिचित्रे पाहिली, निसर्गदृश्ये पाहिली, पुराणकथा पाहिल्या; महाराजांना आपल्या प्रजेपुढे युरोपच्या कलेचा जो चेहरा ठेवायचा होता, त्यात वाण्याला जागा नसणे स्वाभाविक असेल. एका सुरक्षारक्षकाने विचारले, "काय शोधताय?" मी म्हणालो, "दुकान." त्याने अत्यंत सभ्यपणे मला बाहेरच्या चहावाल्याचा रस्ता दाखवला.

मग चहा घेतला आणि तेथून चालत ललित कला विद्याशाखेच्या आवारात गेलो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि लगोलग ही शाखा निघाली, ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे मराठी चित्रकार तिच्या पहिल्या पिढीतील अध्यापक होते. झाडांखाली मुले दगड फोडत होती, लाखेचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता. मूर्तिकलेच्या शेडबाहेर बसलेल्या एका विद्यार्थिनीशी बोलणे झाले. ती मूळची अकोल्याची होती. फाईलमधील खख्खरांची पाने पाहताच तिने हातातली माती पुसली.

भूपेन खख्खर १९३४ मध्ये मुंबईत जन्मले, सनदी लेखापाल झाले, आणि १९६२ मध्ये बडोद्याला आले. चित्रे काढू लागल्यावरही त्यांनी हिशेबनिसाची अर्धवेळ नोकरी बरीच वर्षे सोडली नाही. सुरुवातीला ते बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे कापून चिकटवीत आणि त्यांवर रंग चढवीत. मग १९७२ च्या सुमारास त्यांनी एकामागून एक धंदेवाल्यांची चित्रे काढली : घड्याळ दुरुस्तीवाला, शिंपी, न्हावी. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डिलक्स टेलर्स' ही त्यांतली दोन नावे, आणि ही नावे चित्राला दिलेली आहेत की दुकानाला, हे सांगता येऊ नये अशीच आहेत. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, त्याआधी २००३ मध्ये बडोद्यातच त्यांचे निधन झाले होते.

मी त्या मुलीला माझी शंका विचारली. पूर्वीच्या कंपनी शैलीतील, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी काढणाऱ्या, चित्रकारांनीही आपल्याकडचे धंदेवाले काढले. साहेबांना मायदेशी नेण्यासाठी ते संचच्या संच विकले जात. सोनार, वाणी, तांबट, प्रत्येकाच्या हातात त्याचे हत्यार आणि बहुतेक वेळा मागे कोरा कागद. मग खख्खरांनी वेगळे काय केले? ती म्हणाली, "सर, त्या चित्रांत धंदा आहे, माणूस कोणताही चालेल. इथे हाच माणूस पाहिजे." मुलांना मी तीस वर्षे चित्रे शिकवली, पण इतके नेमके मला सांगता आले नसते. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटले की हे करायला हिशेबनीसच हवा होता. दुकानाच्या वह्या तपासणाऱ्याला दुकानदार कळतो. दुकानदार ऐटबाज नसतो आणि बिचाराही नसतो. दुपारी तीन वाजता तो नुसता वाट पाहत असतो.

संध्याकाळी सेव-उसळ खाल्ली. बडोद्याची सेव-उसळ ही आपल्या मिसळीची गुजरातेत दिलेली बहीण म्हणावी लागेल : वाटाण्याचा पातळ रस्सा, वर मूठभर सेव, कांद्याची पात, पाव, आणि वेगळ्या भांड्यात लालभडक तरी. तरी आपल्या हाताने घालायची असते आणि पहिल्या खेपेस ती निम्मीच घालावी. मी ते ऐकले नाही.

तिसरा दिवस : १८ जानेवारी

रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकर यांचा हा वाडा आतल्या गल्लीत असल्यामुळे पटकन सापडत नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच रस्ता विचारावा. जिने अरुंद आणि उभे आहेत, गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांनी कठडा धरूनच चढावे. वरच्या खोलीत मात्र पाऊल टाकताच जिन्याचा विसर पडतो. भिंतींवर इंचभरही जागा मोकळी नाही. कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या लढाया आहेत, आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ते निळे-तांबडे रंग अजून ओले असल्यासारखे दिसतात.

येथेही मी दुकान शोधले आणि येथेही मला ते दिसले नाही. देव, राजे, शिपाई, नर्तकी या सर्वांना भिंत मिळाली. ज्याच्या कर्जाऊ पैशावर पलटणी चालत, तो सावकार भिंतीवर नाही. खिडकीपाशी बसून मी विचार करीत राहिलो की आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध दुकानदाराचे, म्हणजे तुकोबांचे, चित्र कधी दुकानात काढलेले मी पाहिलेले नाही. घराण्यात महाजनकी होती, वाणीपणा त्यांनी स्वतः केला. पण चित्रात ते नेहमी वीणा घेऊन उभे. दुकान आलेच तर कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याच्या प्रसंगात, म्हणजे दुकान संपते तेव्हा. गुजरातेत मात्र उलट आहे. नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहिली आणि ती वटवायला प्रत्यक्ष कृष्ण शेठजी होऊन आला, ही कथा येथे घरोघर सांगितली जाते आणि तिची चित्रेही निघतात. देवाने मराठी मुलुखात भक्ताचे दळण दळले, गुजरातेत भक्ताचा रोकडा व्यवहार सांभाळला, असे काकांचे म्हणणे.

दुपारी घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत गेलो. नाव घड्याळाचे, पण दुकाने सोन्याचांदीची. एका लहान दुकानात मावशीच्या जोडव्यांची दुरुस्ती होती, म्हणून निमित्तही मिळाले. काचेच्या काउंटरवर लाल मखमलीची तबके, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि पितळी दांडीवर फिरणारा गोल आरसा. सोनाराने जोडवी हातात घेतली आणि मी आरशात पाहिले. त्यात मागचा सगळा रस्ता आला होता : स्कूटर, गाय, फुगेवाला आणि उंबऱ्यात घुटमळणारे एक जोडपे.

माझ्या फाईलमधले पेत्रुस क्रिस्तुसचे चित्र नेमके असेच आहे. १४४९ मध्ये फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, रंगवलेले आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले. सोनार हातातल्या लहान तराजूत अंगठी तोलतो आहे, नवरानवरी होऊ घातलेले श्रीमंत जोडपे शेजारी उभे आहे, फळीवर नाणी आणि वाङ्‌निश्चयाचा पट्टा पडला आहे आणि मागच्या मांडणीवर पोवळे, स्फटिक, मोती. पूर्वी या सोनाराच्या डोक्यामागे प्रभावळ होती, म्हणून त्याला सोनारांचा संत एलिजियस म्हणत. ती नंतर कोणी तरी रंगवलेली निघाली आणि आता पुसली आहे. फळीच्या उजव्या टोकाला बहिर्गोल आरसा आहे आणि त्यात रस्ता दिसतो, दोन माणसे दिसतात, त्यांतल्या एकाच्या हातावर ससाणा. क्वेंटिन मात्सिसच्या १५१४ मधील सावकाराच्या चित्रातही हेच. नवरा नाणी तोलतो, बायको प्रार्थनेच्या पोथीचे पान उलटता उलटता नाण्यांकडे बघते, आणि दोघांच्या मध्ये मेजावर छोटा आरसा, त्यात खिडकी आणि तिच्यापाशी बसलेला कोणी वाचणारा. हे चित्र पॅरिसला लूव्रमध्ये आहे. वातो या फ्रेंच चित्रकाराने आयुष्याच्या शेवटी, १७२०-२१ मध्ये, जेरसँ या चित्रविक्रेत्याच्या दुकानासाठी जी भलीमोठी पाटी रंगवली, तिच्यात डावीकडे चौदाव्या लुईचे चित्र खोक्यात भरले जात आहे आणि उजवीकडे काउंटरमागची बाई तीन गिऱ्हाइकांपुढे एक आरसा धरून आहे. जेरसँ म्हणे, हे काम आठ दिवसांत झाले.

हे आरसे कशासाठी आहेत, याची उत्तरे विद्वानांनी पुष्कळ दिली आहेत. सोनाराच्या आरशातला ससाणा लोभाचे आणि गर्वाचे चिन्ह, वगैरे. मला त्या घडियाळी पोळीत एक साधे कारण दिसले. चित्रकार नेहमी गिऱ्हाइकाच्या जागी उभा असतो. दुकानदाराला समोरून काय दिसते, ते दाखवायचे तर त्याच्याकडे आरशाखेरीज साधन नाही. मी काउंटरच्या आतल्या बाजूस वाढलो, म्हणूनच कदाचित हे माझ्या लक्षात आले असेल आणि म्हणूनच त्यावर फार विश्वास ठेवू नये.

पुढे खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजारात भाजी आणि फुले पाहिली, हिरवा चिवडा घेतला. बडोद्याचा हा लीलो चेवडो कुरकुरीत नसतो, ओलसर आणि किंचित गोड असतो. चार दिवसांत संपवावा. परतताना घड्याळाचा पट्टा तुटला, म्हणून रावपुऱ्याकडच्या एका गल्लीत घड्याळजीच्या खोक्याएवढ्या दुकानात थांबलो. माप घेऊन त्याने उद्या यायला सांगितले. घरी पोचल्यावर लक्षात आले की चिवड्याची पिशवी आहे, जोडवी आहेत आणि फाईल नाही.

रात्री झोप लागली नाही. मावशी म्हणाली, "अरे, कागद कोण नेतंय? शांतीने झोप." फाईल नेमकी कोठे ठेवली, ते काही केल्या आठवेना, सोनाराकडे, मार्केटात, चिवड्याच्या दुकानात, घड्याळजीकडे. म्हणजे कोणत्या तरी काउंटरवरच.

चौथा दिवस : १९ जानेवारी

सोनाराचे दुकान उशिरा उघडते, त्यामुळे सकाळ लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात घालवली. येथे आत छायाचित्रे काढू देत नाहीत. राजा रविवर्म्याला बडोद्याच्या दरबाराने बोलावून घेतले आणि त्याची मूळ तैलचित्रे येथे आहेत. लक्ष्मीसमोर उभा राहिलो आणि क्षणभर फाईलही विसरलो. आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर साठ वर्षे हीच लक्ष्मी होती : कमळावर उभी, चार हात, बाजूला सोंडेत हार घेतलेला हत्ती. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तेथून ही चित्रे देशभरच्या गल्ल्यांवर जाऊन बसली. आमची प्रत उदबत्तीच्या धुराने तपकिरी झाली होती. लक्ष्मीच्या साडीचा रंग मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला.

सोनाराकडे फाईल नव्हती. चिवड्याच्या दुकानात नव्हती. घड्याळजीच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा मी बोलण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, तुमची फाईल राहून गेली." ती त्याने गल्ल्याखालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. वय सत्तरीच्या पुढचे, मूळ गुजराती, पण सगळे आयुष्य मराठी शेजारात गेलेले. मला त्याने स्टूल दिले आणि चहा सांगितला. मग थोडे संकोचून सांगितले की रात्री घरी नेऊन त्याने सगळी चित्रे पाहिली.

"हा माणूस बरोबर आहे," तो क्रिस्तुसच्या सोनाराबद्दल म्हणाला, "तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरलाय. पण बाईचा हात मालाच्या फार जवळ आहे." हॉपर या अमेरिकन चित्रकाराने १९४२ मध्ये रंगवलेल्या रात्रीच्या उपाहारगृहाच्या चित्रावर त्याचा आक्षेप व्यावसायिक होता : "एवढी मोठी काच, आत तीन गिऱ्हाइकं, आणि आत यायचं दार कुठाय? हा धंदा चालायचा नाही." शिकागोत त्या चित्रापुढे रोज माणसे उभी राहतात, हे मी त्याला सांगितले नाही. खख्खरांच्या 'जनता वॉच रिपेअरिंग'वर तो सर्वाधिक थांबला. "जनता म्हणजे एचएमटीचं जनता. चावीचं घड्याळ. अजून येतात माझ्याकडे." एचएमटीचा घड्याळांचा धंदा सरकारने २०१६ मध्ये गुंडाळायचा ठरवला, याच्या खणात त्या घड्याळांचे सुटे भाग काड्यापेट्यांत भरून ठेवलेले होते. हे चित्र काढणारा याच गावचा होता, असे सांगितल्यावर त्याने पुन्हा एकदा पान डोळ्यांजवळ नेले आणि काही बोलला नाही.

मग त्याने एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचे पान काढले. मानेने हे चित्र १८८२ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी पूर्ण केले. पॅरिसच्या फोली-बेर्जेर या करमणूकगृहात संगमरवरी काउंटरमागे विक्रेती उभी आहे, दोन्ही हात कडेवर टेकलेले, पुढ्यात बाटल्या, संत्री, दोन गुलाब. चित्रासाठी तेथलीच सुझाँ नावाची मुलगी मानेच्या चित्रशाळेत मांडलेल्या काउंटरमागे उभी राहिली होती. तिच्या पाठीमागे भिंतभर आरसा आहे आणि त्यात तिच्या समोरचा सगळा जमाव दिसतो, डाव्या कोपऱ्यात झोक्यावरच्या कसरतवालीचे हिरवे बूटसुद्धा. तिचे स्वतःचे प्रतिबिंब मात्र जागेवर नाही. ते उजवीकडे सरकले आहे आणि तेथे एक उंच टोपीवाला तिच्याशी बोलतो आहे, जो प्रत्यक्षात समोर कोठेच नाही. शंभराहून अधिक वर्षे लोक या आरशाचे गणित सोडवत आहेत.

घड्याळजीने गणिताला हात घातला नाही. "हिला काही विचारलंय," तो म्हणाला, "आणि हिने ऐकलं नाही. दिवसभर उभं राहिलं की असं होतं. माणूस समोर असतो, आवाज लांबून येतो." मी त्याला आमच्या काउंटरची हकीकत सांगितली. तो कापून काढावा लागेल म्हणून भाऊ थांबला आहे, हेही सांगितले. "सागवान आहे ना? मग खिळे काढून घ्या, कापू नका," एवढाच त्याचा सल्ला होता. जुन्या कामात खिळ्यांऐवजी सांधे असतात, असे मी म्हणालो, तेव्हा तो हसला : "मग ते ज्याने केलं त्यालाच सुटणार."

पट्टा बसवून झाला. पैसे घेताना त्याने ते आधी डोळ्यांना लावले. दुपारचे दीड वाजले होते आणि त्याची ती दिवसाची बोणी होती. गाडी साडेचारला होती. "दोन मिनिटं बसा, चहावाल्याचा हिशेब देऊन येतो," असे म्हणून तो फळी उचलून बाहेर पडला, आणि स्टूल गल्लीत अडचण करीत होते म्हणून मी ते उचलून आत, त्याच्या जागी जाऊन बसलो. आतून गल्ली फारच अरुंद दिसत होती. समोरच्या भिंतीवर एक पतंग अडकला होता, माणसांची फक्त छातीपासून वरची बाजू ये-जा करीत होती, आणि काउंटरच्या काचेत माझ्या फाईलचे उलटे प्रतिबिंब पडले होते.

एक शाळकरी मुलगा येऊन उभा राहिला. त्याने मनगट पुढे करून घड्याळाच्या सेलचा भाव गुजरातीत विचारला, "काका, सेल केटलानो?" मी उठलो होतो, आणि माझे दोन्ही तळवे काउंटरच्या कडेवर होते.

"बस," मी म्हणालो, "येतीलच ते."